काळगड ते रतनपूर, पायी

निंबा सुरतेच्या लिंबायत वस्तीत आला आणि हिलालचा खेळ नासला. निदान हिलालचं म्हणणं तसं होतं. रोज जेवताना तो ते बायकोला ऐकवायचा, आणि पुष्पाबाई भाकरी थापता थापता नुसती हुं म्हणायची.

खेळ कसला, ते आधी सांगतो. हिलाल साच्यांवर कारीगर होता. सुरतेत मागाला साचा म्हणतात. चार साचे त्याच्या अंगावर, दिवसभर त्यांच्यामधून ये-जा आणि कानात खडखडाट. धागा तुटला की शेठ ओरडणार, आणि नाही तुटला तरी ओरडणार. खात्यात, म्हणजे साच्यांच्या कारखान्यात, त्याला नावानं कोणी हाक मारत नसे. 'ए खानदेशी' म्हटलं की दहा माना वळायच्या, त्यातली एक त्याची. पण आठवड्यातून एक दिवस कारखान्यांची वीज बंद असायची. त्या दिवशी दुपारी चाळीच्या ओट्यावर हिलाल खडूनं मुलूख काढायचा. इकडं काळगड, तिकडं रतनपूर, मध्ये नदी आणि राक्षसाचं रान. मग ज्यानं त्यानं एकेक माणूस व्हायचं. सुकलाल वयानं मोठा, मिशाही मोठ्या, म्हणून तो राजा. लोटू वंजारी, त्याच्यामागं लादलेल्या बैलांचा तांडा. चिंधा मांत्रिक, कारण त्याला दुसरं काही जमायचं नाही.

"आता तुम्ही काळगडाच्या वेशीपाशी आलात. दार बंद. काय करता?" हिलाल विचारायचा.

कोणी म्हणे दार फोडू, कोणी म्हणे पहारेकऱ्याला दारू पाजू. मग कवड्या टाकायच्या. जास्त उताण्या पडल्या तर काम फत्ते, जास्त पालथ्या पडल्या तर पहारेकरी जागा झाला, पळा! कवड्या हिलालच्या मुठीत आणि पुढं काय होणार ते हिलालच्या तोंडात. हा खेळ त्यानं कुठून आणला विचाराल, तर कुठूनच नाही. तापीच्या पुराच्या वर्षी खातं बंद होतं, तेव्हा बसल्या बसल्या त्याच्या डोक्यातून निघाला, आणि पुढं सहा वर्षं चालला.

भिंतीला टेकून दुमडलेल्या गोणपाटावर बसलेला हिलाल तुम्ही बघायला हवा होता. मिशीवाली, लेकुरवाळी माणसं तोंड उघडं टाकून त्याच्याकडं बघत बसायची. लोटूचा चहा निवून त्यावर साय धरायची. आयुष्यात हिलालला ह्यापलीकडं काही मिळालं नव्हतं आणि खोटं कशाला बोलू, त्याला दुसरं काही नकोही होतं. गोणपाटावरची ही जागा गेली तर आपण पुन्हा सगळीकडं नुसते खानदेशी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि मग हा निंबा आला. नवापूरकडचा गाडीवान. जंगलातले बांबू बैलगाडीनं ओढायचा. ट्रक आले, गाड्या बसल्या, बैल विकले, आणि हा सुरतेला येऊन बॉबिनं भरायला लागला. हसरा माणूस, दात थोडे पुढं, कुणाच्याही ओट्यावर बोलावल्याशिवाय बसायचा. पहिल्या दिवशी तो कडेला बसून गुपचूप ऐकत होता. हिलाल रंगात आला होता.

"राजाची फौज सकाळी काळगडाहून निघाली, नदी ओलांडली, रान ओलांडलं, आणि दिवस मावळायच्या आत रतनपूरच्या वेशीवर हजर!"

"बैलं पाणी कुठं प्याली भो?" निंबानं विचारलं.

हिलालला वाटलं, थट्टा करतोय. "कोणती बैलं?"

"ह्याचीच की. वंजाऱ्याची." त्यानं लोटूकडं बोट केलं. "नदीवर प्याली म्हणशील तर नदी सकाळीच मागं पडली. भर दुपारी पाठीवर ओझं घेऊन रानातनं चालली, तर मध्येच बसतील. एकदा बैल बसला की राजा येऊ दे नाहीतर राजाचा बाप, तो काही उठत नाही."

"हा खेळ आहे, भाऊ," हिलाल म्हणाला. "ह्यात राक्षस आहे. राक्षस चालतो तुला, आणि बैल चालत नाही?"

"राक्षस मी बघितला नाही," निंबा म्हणाला. "बैल बघितलाय."

सगळे हसले. हिलालही हसला, कारण न हसून करतो काय! पण लोटू एकदम ताठ बसला. सहा वर्षं त्याचा तांडा त्या खडूच्या मुलखातून फिरत होता, आणि आपल्या बैलांना तहान लागते हे त्याला आजच कळलं होतं. "अरे खरंच की! माझ्या बैलांचं काय? मी नाही जात पुढं. मी नदीवरच थांबतो."

झालं. त्या दिवशी फौज रतनपूरला पोचलीच नाही. वंजारी नदीवर अडला, राजा वंजाऱ्यावर चिडला, मांत्रिकाला चाऱ्यासाठी गवत कापायला पाठवलं, तर त्याला विंचू चावला. गंमत म्हणजे लढाई झाली नाही, राक्षस आला नाही, तरी उठताना सुकलाल मांडीवर थाप मारून म्हणाला, "आज मजा आली!" आणि हे तो हिलालकडं बघून नाही, निंबाकडं बघून म्हणाला. हिलालनं कवड्या गोळा केल्या, पण त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना.

पुढच्या आठवड्यापासून तेच सुरू झालं. हिलालनं काही सांगावं, की सगळ्यांच्या माना आधी निंबाकडं. निंबा विचारायचा, उताराला गाडी धरणार कोण? ओल्या काळ्या मातीत चाक रुतलं तर? राजाच्या पायात जोडे आहेत ते नवे की जुने? नवे असतील तर दोन कोसांत राजा लंगडणार. सुकलालला ह्याचंच कौतुक. खात्यात त्या खडखडाटात तो हातवारे करून निंबाला विचारायचा, आज आपण कुठवर पोचलो असू? जणू काही खरोखरच फौज कुठंतरी रानात मुक्कामाला होती! पूर्वी हिलाल एका वाक्यात त्यांना समुद्रापलीकडं न्यायचा. आता महिनाभर ते काळगडाच्या टेकडीवरून खाली उतरत होते, आणि बेटे खूश होते.

"आम्ही काय शेणाच्या गोवऱ्या वेचायला बसलोय तिथं?" हिलाल घरी तणतणायचा. "म्हणे बैलाचा खांदा सुजला! खेळात कुणाचा खांदा सुजतो का? शहाणपणा पाजळतोय नुसता."

पुष्पाबाई हुं म्हणायची.

हिलालला अजून एक गोष्ट डाचत होती, ती तो बोलून दाखवत नसे. पुष्पाबाई त्या दिवशी ओट्याच्या टोकाला पाठ फिरवून तांदूळ निवडत बसायची. सहा वर्षांत तिनं एकदाही मान वळवली नव्हती. राक्षस मरो की राणी पळो, तिचं सूप काही थांबायचं नाही. आता निंबा काही विचारायला लागला की सूप थांबायचं. मान वळायची नाही, पण हात थांबायचे. हिलालच्या ते बरोबर लक्षात यायचं. आपली बायको आपल्या तोंडची गोष्ट ऐकत नाही आणि ह्या दाताळ्याची ऐकते! त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

शेवटी एक दिवस खात्यात त्याला एक विचार सुचला, आणि सुचला तसा तो त्याला फार आवडला. हा निंबा गाडीत बसून फिरलेला. चालले ते बैल. आपण तर रोज दिवसभर पायावर. ह्या साच्याकडून त्या साच्याकडं, त्याच्याकडून पुन्हा ह्याच्याकडं, सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. ते सगळं चालणं सरळ रेषेत मांडलं तर माणूस दहा कोसांवरच्या बारडोलीला जाऊन परत येईल. मग राजाची फौज का नाही येणार? साच्यांच्या गल्लीत चालणारा प्रत्येक कारीगर असंच समजतो, पाय दुखतात म्हणजे पुष्कळ चाललो असं त्याला वाटतं. हिलालनं ठरवलं, येत्या सुट्टीला बारडोलीला चालत जायचं, दुपारी तिथल्या साखर कारखान्यापाशी उसाचं कांडं घ्यायचं आणि संध्याकाळी ते निंबाच्या मांडीवर नेऊन टाकायचं. मग बघू कोण विचारतं बैलांना!

घरी त्यानं सांगितलं, की नवागामला एकाकडं काम आहे. आणि सकाळी निघाला.

शहर संपेपर्यंत तो राजासारखा चालला. मग सडक लागली. साच्यांमध्ये चार पावलं टाकली की थांबायचं असतं, वळायचं असतं, वाकून धागा जोडायचा असतो. इथं थांबायला काही नव्हतं. तेच पाऊल पुन्हा, तेच पुन्हा. ऊन डोक्यावर आलं तेव्हा टाचा भाजल्यासारख्या झाल्या. शेतं तीच, ताडाची झाडं तीच, आणि कुणालाही विचारलं तर बारडोली अजून पुढंच. अर्ध्या वाटेवरच्या कडोदऱ्याला पोचेपर्यंत त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता. तो चहाच्या गाडीपाशी बाकावर बसला तो बसलाच. निंबा जे बैलाबद्दल बोलला होता ते त्याला आठवलं, आणि त्यानं मनातल्या मनात निंबाला एक शिवी हासडली. मग सुरतेकडं परतणारी एस.टी. आली. हिलाल गुपचूप तिच्यात चढला.

चाळीत शिरताना त्याला हसण्याचा आवाज आला. ओट्यावर खडूचा मुलूख काढलेला होता. सुकलाल, लोटू, चिंधा, सगळे वाकून बसले होते, आणि भिंतीला टेकून, दुमडलेल्या गोणपाटावर, निंबा! कवड्या त्याच्या हातात होत्या.

"या हिलालभाऊ!" निंबा सरकायला लागला. "तुम्ही नव्हता, म्हणून जरा..."

"बस, बस," हिलाल म्हणाला. "माझं डोकं दुखतंय." आणि लंगडणं दिसू नये म्हणून तो भिंतीला धरून घरात गेला.

पुष्पाबाईनं त्याचे पाय बघितले. वाटीत तेल कोमट केलं आणि खाली बसून त्याचा पाय मांडीवर घेतला. "फोड फोडायचा नाही," ती म्हणाली. "वरनं फडकं गुंडाळायचं. आणि तेल निघायच्या आधी लावायचं असतं, बोटांच्या बेचक्यात. मग कातडी निघत नाही. चपला काढून हातात घेतल्या असत्या तर बरं झालं असतं, गवताच्या कडेनं चालायचं."

हिलाल तिच्याकडं बघतच राहिला. लग्नाला दहा वर्षं झाली होती. हिच्या तोंडून एका दमात इतकी वाक्यं त्यानं कधी ऐकली नव्हती. आणि वाक्यं कसली तर थेट त्या निंबाची! तसाच ठामपणा, तसंच बारीक बारीक. त्याच्या डोक्यात कसली तरी किल्ली फिरली.

"हे तुला निंबानं शिकवलं?"

पुष्पाबाईचा हात थांबला.

"बोल ना. मी खात्यात असतो तेव्हा तो येतो का इकडं? बसतो का? आणखी काय काय शिकवतो?"

तिनं त्याचा पाय मांडीवरून उचलून खाली ठेवला. जोरात नाही, भांडं ठेवावं तसा. तेलाची वाटी फळीवर ठेवली आणि हात पदराला पुसले. त्या आठवड्यात ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. भाकरी वाढली, पाणी भरलं, पोरगी इंदी तिसरीत होती तिला शाळेत पाठवलं, सगळं केलं. फक्त हुं म्हणायचंही बंद झालं. हिलालनं त्याचा अर्थ काय लावला असेल ते तुम्ही ओळखलंच. चोरी पकडली गेली की माणूस गप्प होतो, असा.

पुढच्या सुट्टीला तो सगळ्यांच्या आधी ओट्यावर जाऊन बसला. गोणपाट मांडीखाली घट्ट दाबलं. पायात अजून फडकी होती, त्यावर त्यानं धोतर ओढलं. खडूनं मुलूख काढला, पूर्वीपेक्षा मोठा. ओट्याच्या टोकाला पुष्पाबाई नेहमीसारखी पाठ करून सूप घेऊन बसली होती. आज ह्याला सगळ्यांच्या देखत गप्प करायचं, आणि तिच्या देखत करायचं, असं हिलालनं ठरवलं होतं. फौज नको, बैल नकोत, गाड्या नकोत. ज्यात निंबाला काही विचारता येणार नाही असं काहीतरी.

"काळगडाला वेढा पडला," त्यानं सुरुवात केली. आवाज चांगला लागला होता. "राजा लढाईत. राणी मागच्या दारानं निघाली. कडेवर तान्हं पोर. मागं शत्रू, पुढं रान. पण राणी कसली! आईचं काळीज! एका दमात तिनं रान पार केलं आणि दिवस मावळायला रतनपूरच्या दारात उभी!"

लोटूनं मान डोलावली. मग सवयीनं सगळ्यांनी निंबाकडं पाहिलं.

निंबा डोकं खाजवत होता. "पोर केवढं आहे?"

"केवढं का असेना! पोर आहे."

"तसं नाही हिलालभाऊ. अंगावर पीत असेल तर ती बसणार कितीदा? आणि चालणारं असेल तर वजन किती! गाडीचं मी सांगेन, बैलाचं सांगेन. पण पोर घेऊन बाई किती चालते हे मला नाही सांगता यायचं. पण एका दिवसात नाही, बुवा."

"मग कळत नाही तर बोलतो कशाला?" हिलाल उसळला. सापडला बेटा! "इथं कोण चाललंय पोर कडेवर घेऊन? तू चाललास? लोटू चालला? कोणी चाललंय का? मग मी सांगतो ते ऐका. दिवस मावळायला पोचली म्हणजे पोचली!"

"मी चालेल शे," पुष्पाबाई अहिराणीत म्हणाली. "मी चाललेली आहे."

ती अजून पाठ करूनच बसली होती. सूप मांडीवर होतं. सगळे तिच्या पाठीकडं बघायला लागले.

"कुठून वहिनी?" निंबानं विचारलं.

"व्याऱ्यापासून, बारडोलीच्याही पलीकडनं." ती वळली. पण हिलालकडं नाही, निंबाकडं बघून बोलायला लागली. "पुराच्या वर्षी. ह्यांचं पत्र आलं, ये म्हणून. गावाहून गाडीत बसले. व्याऱ्याला गाडी थांबली ती थांबलीच. पुढं रुळाखालची माती वाहून गेली म्हणाले. कधी जाईल विचारलं, तर स्टेशनातला माणूस म्हणाला, देव जाणे. माझ्याजवळ इंदी, दोन वर्षांची, आणि लोखंडी पेटी. पेटी तिथंच एका बाईकडं ठेवली. रूळ सुरतेला जातात हे ठाऊक होतं. म्हणून रुळावरून निघाले."

"रुळावरून चालणं वाईट," निंबा म्हणाला. "पाऊल बसत नाही."

"नाही ना बसत!" पुष्पाबाईचा आवाज एकदम उघडला. "एका पट्टीवर पाय टाकावा तर पाऊल तोकडं पडतं, एक सोडून टाकावा तर ढांग होते. अंगावर पोर असताना ढांग कशी टाकणार? मग खडीवर उतरायचं. चपला खडीनं फाटल्या."

"आणि पोरगी?" आता लोटूनं विचारलं.

"पोर जागं असलं की हलकं असतं, भाऊ. मानेला धरतं. झोपलं की दगड. मी तिला झोपू देत नव्हते. चिमटे काढत होते." ती थोडं हसली, मग हसणं गेलं. "सकाळी निघाले तेव्हा मागं एक टेकडी होती. दिवसभर चालले. संध्याकाळी वळून बघितलं तर टेकडी तिथंच. तेव्हा मी खाली बसून रडले. पोरीपेक्षा मोठ्यानं रडले. चहूकडं पाणीच पाणी, आणि पाजायला घोटभर नाही, सगळं गढूळ. एक नाला आडवा आला तिथं पाणी उतरायची वाट बघत बसले. एका वस्तीवरच्या बाईनं पेज दिली, तेलही तिनंच दिलं पायाला. बारडोली आली तेव्हा वाटलं, पोचलो. पण बारडोलीपासनं सुरत किती लांब आहे!"

हिलालला हे ठाऊक होतं. अर्ध्या वाटेपर्यंतचं तरी ठाऊक होतं. त्याच्या पायांना ते आता नीट कळत होतं. पण त्याच्या मनात त्या वेळी दया आली असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. त्याच्या मनात आलं ते हे, की सहा वर्षं आपल्या घरात असलेली गोष्ट ह्या निंबानं दोन प्रश्नांत बाहेर काढली. ती त्याची गोष्ट होती. त्याच्या बायकोची, त्याच्या पोरीची. ती आधी त्याला मिळायला हवी होती. आणि सगळे कसे ऐकत होते! सुकलालचे डोळे भरले होते. लोटूच्या चहावर साय धरली होती. इतकं तोंड उघडं टाकून हिलालच्या राक्षसाला कधी कोणी ऐकलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" तो ओरडला. "मी नवरा ना तुझा? परक्या माणसापुढं आज सांगतेस?"

पुष्पाबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं. "सांगायलाच आले होते. दारात उभी राहिले तर तुम्ही ह्याच ओट्यावर बसला होता. सुकलालआप्पा होते, लोटूभाऊ होते. तुमचा राजा लढाईत होता. तुम्ही म्हणालात, आलीस? बरं झालं, चहा टाक, चार माणसं बसलीत."

मग लोटू खाली बघत म्हणाला, "मी प्यायलो होतो तो चहा."

हिलाल उठला. फडकी बांधलेल्या पायानं त्यानं काळगड पुसला, नदी पुसली, रान पुसलं, कवड्या नालीत फेकून दिल्या आणि म्हणाला, "खेळ बंद. आजपासून बंद." आणि घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपला.

पण खेळ त्याच्या बापाचा थोडाच होता! पुढच्या सुट्टीला सुकलालच्या ओट्यावर खडूच्या रेघा उमटल्या. लोटूनं बाजारातून नव्या कवड्या आणल्या. हिलाल घरात बसून ऐकत होता. निंबाची हाक आली, "वहिनी, या ना. तुमच्याशिवाय राणी हलत नाही." पुष्पाबाईनं भांडी घासून पालथी घातली, पदर खोचला, सूप खुंटीला अडकवलं. दारात क्षणभर थांबली. हिलालला वाटलं, विचारेल, जाऊ का? तिनं विचारलं नाही.

तो एकटा बसला. जळणं म्हणजे काय ते त्याला आता समजलं. निंबावर तो जळत होता, ते जुनंच. आता तो बायकोवर जळत होता, कारण भिंतीला टेकून ती बसली असणार. त्याहून अजब म्हणजे त्या वस्तीवरच्या बाईवर जळत होता, जिनं पेज दिली. जिनं हिला विचारलं असेल, कुठून आलीस गं, पाय बघू. त्या बाईला नाव नव्हतं, तोंड नव्हतं, आणि ती त्याच्या आधी पोचली होती. बाहेर पुष्पाबाईचा आवाज येत होता. मोठा, मोकळा आवाज. मध्ये मध्ये निंबा काही विचारत होता आणि ती उत्तर देत होती. हिलालनं कानात बोटं घातली, मग काढली. मग तो उठला.

तो सुकलालच्या ओट्यापाशी गेला. गोणपाटावर पुष्पाबाई बसली होती, मुठीत कवड्या. हिलाल कडेला बसला, पहिल्या दिवशी निंबा बसला होता तसा.

"तुम्ही कोण होणार?" पुष्पाबाईनं विचारलं. जो खेळायला येईल त्याला विचारायचं असतं, तसं. "राजा सुकलालआप्पा आहेत. वंजारी आहे, मांत्रिक आहे. निंबाभाऊ गाडीवान आहेत."

हिलालनं खडूच्या रेघांकडं बघितलं. काळगडापासून थोड्याच अंतरावर एक खडा ठेवला होता. तो राणीचा असणार. एवढ्या वेळात राणी कितीशी चालली असेल! वीतभरही नाही.

"राणीजवळचं पोर कोण घेतंय?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही. तिचं तीच घेते."

"मी घेतो," हिलाल म्हणाला. "राणीबरोबरचा कोणी माणूस. नोकर म्हण. पोर माझ्याकडं दे."

लोटू हसायला गेला, पण सुकलालनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पुष्पाबाईनं मूठ खुळखुळवली. मग तिनं कवड्या टाकल्या. जास्त पालथ्या पडल्या.

"ऊन झालंय," ती म्हणाली. "पाणी मागंच संपलं. पोर झोपलं होतं ते आता जागं झालं आणि रडायला लागलं. थांबत नाही. तुमच्याजवळ काही नाही. काय करता?"

हिलालनं तोंड उघडलं. सहा वर्षं त्यानं हाच प्रश्न दुसऱ्यांना विचारला होता. इंदी रडली की काय करतात, हे त्याला आठवेना. आठवेना कसं, ठाऊकच नव्हतं. निंबाला ठाऊक असेल असं त्याला वाटलं, म्हणून त्यानं निंबाकडं पाहिलं नाही.

"सांगा," पुष्पाबाई म्हणाली. "काय करता?"